जंतांचे वेळापत्रक आणि आपले

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत परसातील कोंबड्यांविषयीची दोन-चार पत्रे हटकून असतात. पत्र गोव्यातील सत्तरीचे असो, खानापूरच्या जंगलपट्टीतील असो, की इंदूरच्या एखाद्या जुन्या घरातील असो, गाऱ्हाणे बहुधा एकच असते. कोंबडी दिवसभर टिपते, पण अंगी लागत नाही. तुरा फिकट पडला आहे. अंडी प्रथम एक दिवसाआड आणि मग आठवड्यास एक अशी घटत गेली. अखेरीस एक वाक्य असते : ‘जंतांचे औषध पाजून पाहिले, काही दिवस बरे वाटले, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.’

या शेवटच्या वाक्याचा उलगडा करावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतू आहे. अशा वेळी औषध निरुपयोगी होते असे मुळीच नाही. त्याने कोंबडीच्या पोटातले जंत पडले. परंतु अंगणातल्या मातीत जंतांची जी अंडी विखुरली होती, त्यांना औषधाचा स्पर्शही झाला नाही. कोंबडी दुसऱ्या दिवशी त्याच मातीत चोच घालू लागली आणि सारे चक्र नव्याने सुरू झाले. जंतांच्या वाढीला एक ठरलेला कालक्रम असतो. तो एकदा समजून घेतला आणि औषध, झाडलोट व खुराड्याची व्यवस्था त्याच्याशी जुळवून घेतली, तर दहा-बारा कोंबड्यांचा परिवार वर्षभर निरोगी ठेवणे हे कोणत्याही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले काम आहे.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने शिक्षक आहे, पशुवैद्य नव्हे. तथापि सरकारी शाळांच्या निमित्ताने खेडोपाडी बिऱ्हाड करावे लागल्यामुळे परसात कोंबड्या नेहमीच राहिल्या आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्याची पायरीही अनेकदा चढावी लागली. तेथे पाहिलेले आणि पशुवैद्यांच्या तोंडून ऐकून पडताळलेले तेच येथे लिहिले आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार करू. भाषेचा शिक्षक म्हणून तो करणे मला भागच आहे. शिवाय या प्रकरणी त्याचा व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. संस्कृतातील ‘जन्तु’ म्हणजे कोणताही प्राणी. त्या एका शब्दापासून मराठीत दोन शब्द नांदू लागले. ‘जंतू’ म्हणजे डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू आणि ‘जंत’ म्हणजे आतड्यात राहणारे कृमी. साहजिकच ‘जंतुनाशक’ आणि ‘जंतनाशक’ ही दोन अगदी वेगळी औषधे झाली. लिहिताना फरक एका उकाराचा. पण त्या उकाराची किंमत कोंबडीला मोजावी लागते. दुकानदाराने ‘जंतुनाशक’ ऐकले तर तो फिनाईलची बाटली पुढे करील, किंवा संसर्गावरची एखादी पूड बांधून देईल. त्या पुडीने जंत मरत नाहीत. आणि फिनाईलने खुराडे धुतले तरी जंतांची अंडी बहुतांशी सुखरूप राहतात, कारण त्यांचे कवच जाड असते. म्हणून दुकानात किंवा दवाखान्यात ‘पोटातल्या जंतांचे औषध’ असे स्पष्ट मागावे.

या विषयाला कोणी क्षुल्लक समजू नये. हिंदी मुलखातील आपल्या वाचकांना ‘घर की मुर्गी दाल बराबर’ ही म्हण ठाऊकच आहे. घरच्या गोष्टीची किंमत वाटत नाही, हा तिचा भावार्थ. प्रत्यक्षात परसातील कोंबड्या हे पुष्कळ घरांतील स्त्रीच्या स्वतःच्या हातातले एकमेव उत्पन्न असते. शेताचा पैसा पुरुषाकडे येतो, दुधाचा पैसा डेअरीच्या वहीत जमा होतो. अंड्यांचे पैसे मात्र लुगड्याच्या पदराला बांधले जातात. त्या पदरातून मुलीची वही, कंपासपेटी, सहलीची वर्गणी निघताना मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. आठ कोंबड्यांची अंडी दोन महिने बंद झाली, तर त्याची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात होत नाही. शाळेच्या हजेरीपटावर आणि दप्तरात मात्र ती उमटते.

आता जंतांकडे वळू. परसातील कोंबडीत प्रामुख्याने चार प्रकारचे जंत आढळतात. पहिला आणि सर्वांत सर्रास सापडणारा म्हणजे मोठा गोल जंत. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘अस्कॅरिडिया गॅलाय’ म्हणतात. रंगाने पिवळसर पांढरा, शेवयांसारखा. मादी दहा-अकरा सेंटिमीटरपर्यंत वाढते. हा लहान आतड्यात राहतो आणि संख्येने फार झाल्यास आतडेच तुंबवतो. दुसरा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा बारीक जंत. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद तोंडाच्या नळ्या असतात, तेथे याची वस्ती. कोंबडीला तो विशेष त्रास देत नाही. पण त्याच्या अंड्यातून एक सूक्ष्म परजीवी पसरतो, जो टर्कीसारख्या पक्ष्याच्या यकृताला जीवघेणा ठरतो. ज्या वाचकांनी हौसेने टर्की पाळल्या असतील, त्यांनी त्या कोंबड्यांच्या अंगणात सोडू नयेत. तिसरे केसाइतके बारीक जंत. हे नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण, परंतु आतड्याच्या अस्तराला इजा करण्यात अग्रेसर. चौथे चपटे, फितीसारखे जंत. त्यांचे तुकडे विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे दिसतात.

हे शेवटचे चपटे जंत बाकीच्यांपासून निराळे मानले पाहिजेत. त्यांची अंडी कोंबडीने थेट गिळल्याने काहीच होत नाही. ती आधी मुंगी, शेणकिडा, माशी किंवा गोगलगाय यांपैकी कोणाच्या तरी पोटात जावी लागतात; तेथे त्यांची वाढ होते; मग तो किडा कोंबडीने टिपला की जंत तिच्या आतड्यात रुजतो. उकिरड्यावर दिवसभर वावरणाऱ्या कोंबडीत चपटे जंत अधिक का, याचे उत्तर यात आहे.

मोठ्या गोल जंताचे वेळापत्रक मात्र सरळ आहे आणि तेच आपल्या सर्वाधिक उपयोगाचे. मादी जंत रोज हजारोंनी अंडी टाकते. ती विष्ठेवाटे बाहेर पडतात. बाहेर पडलेले अंडे त्या दिवशी निरुपद्रवी असते. ऊब आणि ओलावा मिळाल्यास सुमारे दहा दिवस ते तीन आठवडे या अवधीत त्याच्या आत अळी तयार होते आणि मग ते बाधक बनते. असे अंडे कोंबडीने दाण्याबरोबर, पाण्याबरोबर किंवा गांडुळाबरोबर गिळले की अळी आतड्यात मोकळी होते, काही काळ आतड्याच्या अस्तरात शिरून राहते आणि पाच ते आठ आठवड्यांत तिचा पूर्ण वाढलेला, अंडी घालणारा जंत होतो. सावलीच्या ओल्या मातीत ही अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्यांना मानवत नाही.

वाचकांनी यातील दोन आकडे मनात पक्के करावेत : दहा दिवस आणि पाच आठवडे. विष्ठा दहा दिवसांच्या आत उचलली, तर तिच्यातील अंडी बाधक होण्यापूर्वीच अंगणाबाहेर जातात. म्हणून खुराड्याची झाडलोट आठवड्याला एकदा तरी झालीच पाहिजे. महिन्याने केलेल्या झाडलोटीने खुराडे स्वच्छ दिसेल, पण जंतांचे काम तोवर झालेले असेल. आणि औषध दिल्यानंतर पाच ते आठ आठवड्यांनी कोंबडी पुन्हा अंडीवाहक होऊ शकते. काही दिवस बरे वाटून पुन्हा तुरा फिकट पडण्याचे कारण या हिशेबात दडलेले आहे.

जंत झाल्याची लक्षणे वर आलीच आहेत : वजन घटणे, तुरा फिकट होणे, पंख गळल्यासारखे दिसणे, विष्ठा पातळ होणे, अंडी कमी होणे. तीन महिन्यांच्या आतील पिल्लांना जंत अधिक जाचतात; मोठ्या कोंबडीत बरीच प्रतिकारशक्ती आलेली असते, त्यामुळे ती वरकरणी धडधाकट राहून पिल्लांसाठी अंगण मात्र दूषित करीत असते. पिल्ले शक्यतो वेगळ्या, कोरड्या जागेत वाढवावीत, असे सांगतात ते यासाठीच.

तथापि प्रत्येक अशक्त कोंबडीला जंतच झाले असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. पिसे झडण्याच्या काळात अंडी आपोआप थांबतात. कोंबडी खुडूक बसली तरी थांबतात. हिवाळ्यात दिवस लहान झाला म्हणजेही ती घटतात. पंखांखाली उवा आणि गोचिडीसारखे किडे असतील, तर रक्त शोषले जाऊन तुरा फिकट होतो. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले, तर तो बहुधा निराळ्याच सूक्ष्म परजीवीचा, कॉक्सिडिओसिस नावाचा आजार असतो. त्याच्यावर जंतांचे औषध चालत नाही आणि तेथे दिरंगाई परवडत नाही. मान वाकडी होणे, धाप लागणे, एकामागून एक कोंबड्या मरणे ही राणीखेत रोगाची शंका घेण्याची चिन्हे होत. उलट, दिवसातून एक-दोनदा कोंबडी चिकट, गडद तपकिरी विष्ठा टाकते, ती पाहून पुष्कळजण हबकतात. ती वर सांगितलेल्या बंद नळ्यांतून येते आणि अगदी स्वाभाविक असते.

शंका फिटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे विष्ठेची तपासणी. सकाळी खुराडे उघडताच निरनिराळ्या आठ-दहा ठिकाणची ताजी विष्ठा चमच्याने थोडी थोडी घ्यावी, स्वच्छ, झाकणाच्या डबीत भरावी आणि त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्यावी. तेथे ती मिठाच्या पूर्ण विरलेल्या द्रावणात कालवतात. एका लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळते. असे पाणी इतके जड होते की जंतांची अंडी त्याच्या पृष्ठभागावर तरंगत येतात. ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की लंबगोल, एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान अशी अंडी स्पष्ट दिसतात. आठवी-नववीच्या मुलांनी हे एकदा पाहिले, तर घनतेचा धडा त्यांना पुन्हा शिकवावा लागत नाही.

औषध कोणते द्यावे हे जंत कोणते आहेत यावर अवलंबून असते. पायपरेझीन हे १९५० च्या दशकापासून वापरात असलेले जुने औषध. ते मोठ्या गोल जंताला लुळे करते आणि आतड्याच्या हालचालीने तो बाहेर फेकला जातो. पण केसासारख्या आणि चपट्या जंतांवर त्याचा उपयोग नाही. आल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही औषधे जंताला साखर शोषू देत नाहीत, त्यामुळे तो उपासमारीने मरतो. गोल जंतांच्या अनेक प्रकारांवर ती चालतात. चपट्या जंतांसाठी प्राझिक्वांटेलसारखे स्वतंत्र औषध पशुवैद्य निवडतात. शेजारच्या घरी एखाद्या औषधाने गुण आला म्हणून आपल्याही घरी येईल असे नाही, ते या कारणाने.

याहून मोठा घोटाळा मात्रेचा होतो. ‘प्रत्येकीला एक टोपण’ हे माप नव्हे. गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची असते. बंगळुरूत विकसित झालेल्या गिरिराजाचा किंवा हैदराबादेत विकसित झालेल्या वनराजाचा कोंबडा तीन किलोंच्या आसपास जातो. दोन महिन्यांचे पिल्लू अर्ध्या किलोचेही नसते. तिघांना एकच टोपण दिले, तर पिल्लाला अति, कोंबड्याला अपुरे. अपुरी मात्रा तर विशेष घातक. तिने दुबळे जंत मरतात आणि चिवट जंत मागे उरतात; त्यांचीच प्रजा वाढते आणि कालांतराने ते औषधच लागू पडेनासे होते. म्हणून कोंबडी कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला लावावी आणि वजन वहीत टिपावे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. समजा, पशुवैद्यांनी आल्बेंडाझोल दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम सांगितले. कोंबडी दीड किलोची, म्हणजे तिला १५ मिलिग्रॅम हवे. बाटलीवर २.५ टक्के असे लिहिले आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. पंधराला पंचविसाने भागले, उत्तर ०.६ मिलिलिटर. पण हेच औषध १० टक्के तीव्रतेच्या बाटलीतही मिळते. त्या बाटलीतले ०.६ मिलिलिटर पाजले, तर मात्रा थेट चौपट होते. औषधाचे नाव तेच, बाटलीचा आकारही कदाचित तोच. फरक फक्त आकड्याचा. तेव्हा बाटलीवरील आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. मात्रा ठरवणे पशुवैद्यांचे काम आहे. भागाकार मात्र घरातल्या शाळकरी मुलाकडून खुशाल करून घ्यावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. १० फेब्रुवारी २०१५ रोजी देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांना आल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. दोन वर्षांवरील मुलाची ती गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. वरील हिशेबाने ही सव्वीस कोंबड्यांची मात्रा झाली. ती गोळी घरी आणून कोंबडीला चारणे हे कोंबडीच्या जिवाशी खेळणे आहे आणि मुलाच्या हक्काचे औषध मुलाला न देणे हा तर अन्यायच आहे. शिक्षक गोळी आपल्यासमोर चावून खायला लावतात, त्याचा राग मानू नये.

औषध पाजण्याची रीतही पाहू. मोठ्या पोल्ट्रीत ते पाण्यातून देतात. परसात तसे केल्यास बऱ्याचदा फसगत होते. आपण भांड्यात औषधी पाणी ठेवावे आणि कोंबडीने न्हाणीच्या मोरीत, तुळशीवृंदावनाच्या आळ्यात किंवा पावसाच्या डबक्यात तहान भागवावी, असा हा खेळ. शिवाय दांडगी कोंबडी अधिक पिते, दुबळी मागे राहते. आणि औषधाची गरज तर दुबळीलाच अधिक. दहा-बाराच कोंबड्या असतील, तर प्रत्येकीला स्वतंत्र देणे उत्तम. रात्री त्या दांडीवर बसल्या की हातात सहज येतात. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये मोजून औषध घ्यावे आणि चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडावे. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचे तोंड असते. घाईने ओतले तर औषध फुप्फुसात जाऊन कोंबडी दगावू शकते. हे जमत नसेल, तर मोजलेले औषध भाताच्या किंवा भिजवलेल्या पिठाच्या लहान गोळीत घालून एकेकीला वेगवेगळे चारावे. ज्यांना दिले त्यांच्या पायात रंगीत दोरा बांधला म्हणजे दुबार होत नाही. सर्व कोंबड्यांना एकाच रात्री औषध द्यावे. आजारी दिसणाऱ्या दोघींनाच देऊन उपयोग नाही. आतड्याच्या अस्तरात दडलेल्या अळ्या पहिल्या मात्रेतून निसटलेल्या असू शकतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा देण्याची प्रथा आहे. ती द्यावी की नाही हे औषधानुसार विचारून घ्यावे. राणीखेतची लस टोचून घ्यायची असेल, तर तिच्या आठवडाभर आधी जंतांचे औषध झालेले बरे.

आता अंड्यांचा प्रश्न, आणि खरी कसोटी येथेच आहे. औषधाचा अंश काही दिवस अंड्यात उतरतो. किती दिवस ती अंडी खाऊ नयेत, हे औषधाच्या कागदावर दिलेले असते. नसल्यास पशुवैद्यांना विचारावे आणि ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत, विकू नयेत, उबवण्यासही ठेवू नयेत. आठ कोंबड्या रोज चार अंडी देत असतील, तर आठवड्यात अठ्ठावीस अंडी पुरावी लागतात. ज्या घराचा मीठ-मसाला या अंड्यांवर चालतो, त्या घराला हे सांगणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. पण शेजारीण आपल्याकडून अंडे घेते, ते बाळंतिणीसाठी किंवा आजारातून उठलेल्या मुलासाठी घेते. बाजारातले सोडून ती आपल्या दारी येते, ती आपल्या शब्दावर विश्वास ठेवून. तो विश्वास अठ्ठावीस अंड्यांहून महाग आहे. शिवाय थोडे नियोजन केले तर हे नुकसानही पुष्कळ टळते. पिसे झडण्याच्या काळात बहुतेक कोंबड्यांची अंडी थांबलेलीच असतात. मोठ्या कोंबड्यांची एखादी मात्रा त्या दिवसांत बसवून घ्यावी.

एक शंका स्त्री-वाचकांकडून वारंवार येते. अंडे फोडले आणि आत जंत निघाला, तर? असे क्वचित घडते. आतड्यातला जंत भरकटून अंडाशयाच्या नळीत शिरतो आणि कवच तयार होताना आत अडकतो. प्रकार किळसवाणा खरा. पण कोंबडीचा हा जंत माणसाच्या पोटात वाढत नाही. ते अंडे टाकून द्यावे आणि कोंबड्यांना औषध देण्याची वेळ आली आहे, एवढा बोध घ्यावा. खुराड्याचे काम झाल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम मात्र मुलांनी आणि मोठ्यांनी सारखाच पाळावा. विष्ठेतून माणसाला बाधणारे दुसरे रोगजंतू येतात.

वावडिंग आणि पळसाच्या बिया यांना आयुर्वेदात कृमिघ्न मानले आहे आणि पुष्कळ घरांत त्या कोंबड्यांनाही चारतात. लसूण, कडुनिंब, भोपळ्याच्या बिया यांचीही शिफारस होते. आजीबाईच्या बटव्याचा अनादर मला करायचा नाही. परंतु कोंबडीला त्या किती द्याव्यात याचे खात्रीलायक माप ठरलेले नाही, आणि अंगणभर जंत झालेले असताना त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. सकस आहाराचा मात्र निश्चित उपयोग होतो. प्रथिने आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलेल्या कोंबडीत जंत अधिक माजतात. नुसत्या कण्या-कोंड्याऐवजी शेवग्याचा पाला, इतर हिरवा पाला, पिवळा मका आणि थोडी पेंड मिळाली, तर तिचे शरीरही लढ्यात भाग घेते.

आणि शेवटी अंगण. खुराड्याचा तळ जमिनीपासून हातभर उंच, पट्ट्यापट्ट्यांचा असावा, म्हणजे रात्रीची विष्ठा खाली पडते आणि कोंबडीची चोच तेथे पोचत नाही. दाणे मातीवर फेकण्याची सवय सोडून ते परळात किंवा पन्हळीत घालावेत. पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे आणि भोवतालचा चिखल मोडून काढावा. खाली भाताचे तूस अंथरले असेल, तर ओले होताच बदलावे. फक्की चुन्याने ओल शोषली जाते, तेवढ्यापुरता तो चांगला; जंतांची अंडी त्याने खात्रीने मरतात असे मात्र समजू नये. गोळा केलेली विष्ठा खुराड्यापासून दूर खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजू द्यावी. नीट कुजताना ढिगाच्या पोटात जी उष्णता निर्माण होते, ती अंड्यांचा नाश करते आणि भाजीला उत्तम खत मिळते.

काळाचे गणित प्रांताप्रांताने थोडे बदलेल. गोवा, खानापूर अशा धो-धो पावसाच्या मुलखात माती चार महिने सुकत नाही. तेथे मृग लागण्यापूर्वी एकदा, श्रावणात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असा क्रम सोयीचा पडतो. ग्वाल्हेरकडे वैशाखात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि उघडी जमीन भाजून निघते. तेथे पाऊस सुरू झाल्यावर आणि संपल्यावर अशा दोन मात्रा पुरू शकतील. इंदूर, वडोदरा, हैदराबाद यांचे मान या दोहोंच्या मधले. पिल्लांना सर्वत्र सहा ते आठ आठवड्यांची होताच पहिली मात्रा विचारून द्यावी. वर्षातून एकदा विष्ठा तपासली, तर आपला क्रम बरोबर बसला आहे की नाही तेही कळते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. दवाखान्यात समोरचा मनुष्य मराठी जाणणारा असेलच असे नाही, आणि आजार सांगताना शब्द अडला की माणूस संकोचून घरी परततो. म्हणून हेही टिपून ठेवावे : कन्नडमध्ये पोटातल्या जंतांना ‘जंतुहुळु’ म्हणतात, गुजरातीत ‘करमिया’, तेलुगूत ‘नुलिपुरुगुलु’ आणि हिंदीत ‘पेट के कीड़े’. कोंबडीला कन्नडमध्ये ‘कोळि’, गुजरातीत ‘मरघी’, तेलुगूत ‘कोडि’. एवढ्या शब्दांवर काम भागते; उरलेले विष्ठेची डबी सांगते.

या महिन्यापुरते वाचकांनी एकच करावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आठवड्यातला एक वार झाडलोटीचा म्हणून ठरवावा, औषधाच्या तारखेभोवती वर्तुळ काढावे आणि अंडी बाजूला ठेवण्याचे दिवस खुणेने दाखवावेत. ते काम घरातल्या मुलीकडे द्यावे. तिची वही ज्या कोंबड्यांच्या पैशातून येते, त्यांचा हिशेब तिच्याच अक्षरात असावा. उवा-किडे आणि त्यांचा बंदोबस्त याविषयीही दोन पत्रे आली आहेत. त्यांचा विचार पुढील अंकी करू.